मधातलं तोंड

मे महिन्यात पाचपावलीत नळाचं पाणीच अडतीस डिग्री.
डेव्हलपरला वीस लागते.
म्हणून मी सायकलला बर्फाची लादी बांधून आणायचो गोणपाटात,
आणि धकातेकाका न्हाणीच्या दाराला घोंगडी ठोकून
आत उघडेबंब, लाल दिव्याखाली,
घाम ट्रेमध्ये टपकू नये म्हणून कपाळाला टॉवेल.

कागदावर काळं आधी येतं.
आधी गटाराचं तोंड यायचं, मग दोर,
मग दोर धरणाऱ्याची मूठ.
चेहरे शेवटी.
चेहऱ्याला घाई करू नये, काका म्हणायचे,
आणि इकडे बर्फ संपत आलेला.

अकरा वर्षं तेवढंच काढलं त्यांनी:
झाकण उघडताना, झाकण लावताना.
मधलं काढता येत नाही, तिथे उजेड नसतो.
"फ्लॅश मारा ना," मी एकदा म्हटलं.
काकांनी नुसतं पाहिलं
आणि लग्नाच्या ऑर्डरचा अल्बम माझ्यापुढे सरकवला.
घर त्याच्यावर चालायचं.

नारनवरे वर आला नाही, त्या दिवशीचा फोटो:
पार्बता उभी, हातात त्याच्या चपला,
मागे रसवंती, लोक ग्लास धरून थांबलेले.
दिल्लीत भिंतभर लावला होता म्हणतात.
काकांना शाल मिळाली.
लादीवाल्याची उधारी होती तशीच राहिली.

मग एका दुपारी ती आली.
मी कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं.
फोटो तिने बराच वेळ पाहिला.
"चपला चांगल्या आल्या," म्हणाली.
मग बोट ठेवलं,
"बापू, हे मधातलं माह्यं तोंड तेवढं कापून दे.
फारमाले लागते. दोन पाह्यजेत."

"नवा काढतो की, बसा स्टुलावर."
"नाई. नव्यात मी येगळी दिसन.
सायेब म्हणन, हे थे बाई नोहे."

काकांनी कात्री घेतली.
एक प्रिंट, मग दुसरी.
तिकिटाएवढी पार्बता दोनदा निघाली,
आणि चपला धरलेल्या हातांच्या वर
टेबलाचं लाकूड दिसू लागलं.

पेन्शन लागली का, सांगायला ती आली नाही.

आता काका नाहीत. संग्रहालयाची पोरं येतात,
पांढरे हातमोजे घालून निगेटिव्ह मोजतात,
रकान्यात लिहितात: मध्यभागी फाटलेला.
फाटलेला नाही, मी म्हणतो, कापलेला.
उरलेला भाग महापालिकेत आहे, फाइलला टाचलेला,
डाव्या गालावर गोल शिक्का.