रकाना अकरा

गुरुवार, संध्याकाळी पाच, पालकसभा.
एकोणीस वर्षं ह्या ऑफिसात मी हा तक्ता भरते.
जे आले त्यांच्यापुढे बरोबरची खूण,
जे आले नाहीत त्यांच्यापुढे
काही नाही.
काही नाही लिहायला वेळ लागत नाही.

मे महिन्यात तो तक्ता लिंकनला जातो, राजधानीत,
आणि वाक्य होऊन परत येतो:
‘एक्केचाळीस टक्के कुटुंबं उदासीन.’
तो शब्द मीच टाइप केला वार्षिक अहवालात,
स्पेलिंग तपासून.

ह्या हिवाळ्यात ब्रॅनिगनबाई आल्या मुख्याध्यापिका होऊन.
म्हणाल्या, कागद ज्यांच्याबद्दल आहे
त्यांनाच दाखवून बघू.
मुलांची नावं झाकली, आकडे टाकले,
वाचनालयातली चार टेबलं जोडून तक्ता अंथरला.
रविवारी. कारण मांसाचा कारखाना
फक्त रविवारी बंद असतो.

बाहेर प्लॅट नदी गोठलेली, आत ओल्या बुटांचा वास.
वर्सामे उभाच राहिला, हात पाठीमागे.
लहानपणी त्याने खरेखुरे उंट राखलेत
बर्बेराच्या अलीकडे कुठेतरी.
‘उंटावरून कळप दिसतो,’ तो म्हणाला,
‘लंगडी शेळी दिसत नाही.
त्यासाठी उतरावं लागतं.’
लिंकनहून आलेल्या तरुणाने हे वहीत लिहून घेतलं.
वर्सामेला त्याचं हसू आलं.

मग दुसऱ्या पाळीवाल्यांनी निळे ठिपके चिकटवले,
अडीच ते रात्री अकरा, मध्ये जेवायला अर्धा तास.
जिथे जिथे माझं ‘काही नाही’
तिथे तिथे निळं.
बसवाला ऑर्व्हिल चष्मा पुसत म्हणाला,
हे मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.
खरंच सांगितलं असतं.
विचारलं नव्हतं.

पण सात ओळी तरीही कोऱ्या राहिल्या.
ना खूण, ना ठिपका.

‘मी कितवी?’ मिकाएला त्सोकने मुलीकरवी विचारलं.
सत्तावीस.
तिने बोट ठेवलं सत्ताविसाव्या ओळीवर
आणि सरकवत नेलं रकाना चारपर्यंत,
घरची भाषा: स्पॅनिश.
अक्षर माझं. देश ग्वाटेमाला,
म्हणून भाषा स्पॅनिश, असं मीच ठरवलेलं,
समोर बाई उभी असताना,
मान वर न करता.

तिची भाषा किचे.
स्पॅनिश येते बाजारापुरती, मिरच्या-साबणापुरती.

पिशवीतून तिने बिस्किटांचा डबा काढला.
आत आमची पत्रं, सहा वर्षांची सगळी,
तारखेनुसार लावलेली, रबर घालून,
कोपरे न दुमडलेली.
प्रत्येक पत्र मुलीने वाचून दाखवलेलं:
‘आई, विशेष काही नाही.’
मुलगी आता खाली बघत होती.
तिला कुणी रागावलं नाही.

तो डबा टेबलावर, तक्त्याच्या शेजारी.
दोन्ही नोंदी एकाच शाळेच्या.
माझ्या नोंदीत ती बाई नव्हती,
तिच्या नोंदीत आम्ही सगळे होतो,
सहलीचं पत्र, दातांच्या तपासणीचं,
एक तर माझ्या सहीचं,
‘आपण आला नाहीत, खेद वाटतो.’

मार्चपासून सभा दुपारी एकला, कारखान्याच्या फाटकाजवळ
वर्सामेच्या मेहुण्याच्या चहाच्या दुकानात.
पहिल्या वेळी तेवीस जण आले. स्वतः वर्सामे
झोपून राहिला, बहिणीला पाठवलं.
अजून तीन ओळी कोऱ्या आहेत.
त्या का कोऱ्या, मला ठाऊक नाही,
आणि हल्ली मी तसंच लिहिते: ठाऊक नाही.

रकाना चारही दुरुस्त करायला घेतला.
किचे कसं लिहायचं, मी मिकाएलाला विचारलं.
तिने खांदे उडवले, तिला ते लिहायला
कुणी शिकवलंच नव्हतं.
मग ती म्हणायची, मी लिहायची,
ती पुन्हा म्हणायची, घशातून, मी खोडायची.
चौकोनाला भोक पडायची वेळ आली.
लिंकनहून फोन आला, ती प्रत स्वच्छ करून पाठवा.
मी आहे तशीच पाठवली.