कार्ड घातलेलं नाही

अकरा वर्षं मी दुधाची तहान ताकावर भागवली.
हे म्हणताना मलाच हसू येतं, कारण पोटासाठी मी चालवते
दुधाचाच टँकर. पहाटे साडेतीनला निघायचं,
विंटनकडची शेतं, धुक्यात उभ्या गाई,
एडनडेलच्या कारखान्यात रिता करायचा, की पुन्हा विंटन.
ताक म्हणजे माझी रुपेरी झी, साधी,
बनली तशीच राहिलेली. तिच्यात खोट नव्हती.
फक्त दर वळणावर ती म्हणायची, बाई, बास,
आणि मी ऐकायचे.

तिला सेमिसीनं नेलं. वय तेवीस, खाटीकखान्यात कामाला.
आधी त्याची आई बसून बघून गेली,
सीट मागे, सीट पुढे, आरसा, पर्स ठेवायला जागा.
मी सांगितलं, क्लच जरा वर धरतो,
आणि हीटर तापेपर्यंत गोर येतं.
तो मान डोलवत होता, ऐकत नव्हता.

नवी आली लिटल्टनच्या बंदरात. नवी म्हणजे जुनीच,
नऊ वर्षं दुसऱ्याच्या हातची. पण निस्मो.
लिलावाच्या कागदावर शेरा : साडेचार, पाचांपैकी.
असा शेरा लावून कुणी पुरुष विकायला असता
तर मी केव्हाच लग्न केलं असतं.

डुगल्ड तिच्याभोवती दोनदा फिरला,
मेंढा विकत घेताना फिरतो तसा.
"जास्तीचे घोडे किती?"
वीस.
"मोरॅग, एवढ्या पैशात खरे दोन आले असते.
रस्त्यावर वेग शंभरच. यांना चरायला नेणार कुठे?"
टेरेटोंगाला, मी म्हणाले. महिन्यातून एका रविवारी.
आमच्याकडे 'र' जिभेवर तसाही लोळतो,
त्या दिवशी जरा जास्तच लोळला.

पण घोड्यांचं नव्हतंच ते.
आता रस्ता थेट कण्यातून कळतो,
कुठे डांबर बदललं, कुठे नुसतंच ठिगळ.
सीटची उजवी कड झिजलेली आहे. नऊ वर्षं
उतरताना कुणाची तरी मांडी तिथे घासली,
माझीही नेमकी तिथेच घासते.

बटण दाबलं की एक बाई बोलते. मऊ, आदबीनं, जपानीत.
महिनाभर मी तिला उत्तर देत होते, "तुलाही, राणी."
नकाशाला आमचा देश माहीत नाही.
पडद्यावर सगळं निळं, आणि त्यात एक बाण,
मी सुपरमार्केटला जाते तेव्हाही
खोल समुद्रातून डावीकडे वळणारा.

शेवटी टे स्ट्रीटवर सुशी विकणाऱ्या चिहारूला आणून बसवलं.
तिनं ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.
मग एप्रनला डोळे पुसेपर्यंत हसली.
"म्हणते, कार्ड घातलेलं नाही."
कसलं कार्ड?
"टोलचं."
अख्ख्या साउथलंडमध्ये टोल नाही.

कप्प्यात एक वही होती, तीही तिनंच वाचली.
तारीख, किलोमीटर, लिटर,
आणि शेवटचा रकाना : कशासाठी.
ऑफिस. ऑफिस. दंतवैद्य. ऑफिस. सहज.
ऑफिस. सहज. सहज.
शेवटच्या दोन पानांत सहजशिवाय काहीच नाही.
त्यापुढे कोरं.
"मग विकली का?"
चिहारूनं पान उलटून पाहिलं. "ते नाही लिहिलेलं."

पहिल्या रविवारी टेरेटोंगाच्या लांब वळणात,
समुद्रावरचा वारा कडेनं ढकलत असताना,
मी वाट पाहिली, आता ही म्हणेल, बास.
ती म्हणालीच नाही.
मग मला म्हणावं लागलं, मोठ्यानं,
हेल्मेटच्या आत, माझ्याच आवाजात.
हात नंतर बराच वेळ थरथरत होते. थर्मासचं झाकण
डुगल्डनं उघडून दिलं, आणि कधी नव्हे तो गप्प बसला.

परवा डी स्ट्रीटला सेमिसी दिसला, शेजारी आई,
मांडीवर पर्स. हात हलवला
आणि दुसरा गिअर असा घासला
की माझे दात शिवशिवले.
सिग्नल सुटला. मी गाडी बंद पाडली होती, बघताबघता.
बटण दाबलं.
कार्ड घातलेलं नाही, बाई म्हणाली.
हो गं, म्हटलं. माहीत आहे.