वाव

शिशाचा गोळा पाण्यात सोडायचा, तळाला टेकला की
दोरीच्या गाठी मोजून ओरडायचं:
दीड वाव. दोन वाव.
हे काम दिवाडीच्या पुतळकडे होतं,
नवरा तापाने गेल्यावर, रोजच्या शेरभर उकड्या तांदळावर.
फिरंगी ऐकून आकडा लिहायचा,
पितळी चकतीतून सूर्य बघायचा.
दोरीकडे नाही. तिच्याकडे तर नाहीच.

देऊळ पाडलं त्या आठवड्यात
होड्या साखळदंडात गेल्या
आणि उथळ पाण्यावर पहारे बसले,
नकाशा बघूनच.

अवसेच्या ओहोटीला
पोराला पाठीशी बांधून, नवऱ्याच्या मुंडाशाने,
ती खारफुटीतून उतरली.
मानशीपासून सरळ नाही.
आधी वरच्या अंगाला, जिथे दोरी एकदा
अर्ध्यातच ढिली पडली होती,
मग शिंपल्यांच्या उंचवट्यावरून, तळवे कापत.
गुडघाभर. कमरेइतकं. पोर जागं झालं,
तिने मागे हात नेऊन त्याच्या तोंडात गूळ कोंबला.
गळ्याइतकं.
मधे चाळीस हात तळच नव्हता, तेही ठाऊक होतं:
घागर पालथी छातीशी धरली, पाय मारले.
सुसर असेल तर असेल.

नार्व्याच्या चिखलात ती आधी ओकली,
मग पोराची बोटं मोजली.

नकाशा पुढे लिस्बनला गेला म्हणे.
त्यात मांडवी निळी, सुबक, आकडे बिनचूक,
फक्त नार्व्यासमोर एका जागी, जिथे
बाई पाय टेकून उभी राहू शकते,
'सात वाव' असं लिहिलंय.

ते ओरडताना तिचा आवाज
जराही कापला नव्हता.