दीड इंच

वहीत तिचं पान निराळं आहे.
शाल्मली फणसे, दांडिया बाजार.
पहिल्या ओळीत आकडा नाही,
कारण पहिलं झबलं अंदाजानंच शिवलं,
आजोबांच्या मऊ झालेल्या धोतराचं,
शिवणी बाहेरच्या अंगाला.
टोचू नये म्हणून
नव्या माणसाला आपण सगळं उलटंच घालतो.

नवव्या महिन्यात तिनं टेप तोंडात घातली.
तीनचा आकडा तेव्हापासून दिसत नाही.
बडोद्यातल्या किती बाह्या मी
त्या न दिसणाऱ्या तीनावर बेतल्या.

मग आलं ‘नको’.
माझ्याशी नको, जशुभाईंशी नथी जोईतुं,
हात वर नको, हात खाली नको.
ते माप झोपेत घेतलंय.

चौथ्या वर्षी टेप तिच्याच गळ्यात.
मशीन किती, मांजर किती,
संध्याकाळ किती इंच गं मावशी?
मी म्हटलं, उंबऱ्यापासून पायडलपर्यंत,
ऊन जाईल तिथवर.
तिनं मोजली. ऊन हललं, पुन्हा मोजली.

पुराच्या साली विश्वामित्री दुकानात आली.
पायडल बुडलं, भिंतीवर मातकट रेघ राहिली.
त्याच महिन्यात तिचा फ्रॉक उसवून लांब केला,
आत माया ठेवली होती म्हणून निभावलं,
पण जुन्या दुमडीची रेघ काही गेली नाही.
दोन्ही रेघांकडे बघून
पुढचे दात पडलेल्या तोंडानं ती म्हणाली,
नदीला पण कपडे आखूड होतात?

अकराव्या वर्षी, नवरात्रासाठी चणिया.
मैत्रिणी बरोबर होत्या. मावशी म्हणाली नाही.
आरशापुढं चार गिरक्या घेतल्या,
घेर कमी आहे, म्हणाली, आणि गेली.
कमीच होता.

मग खांदे पुढं आले.
एवढी उंच पोर, कोयरीसारखी वाकून उभी.
इतकी वर्षं मी आकडे ओरडायचे
आणि जशुभाई लिहायचे.
त्या दिवशी त्यांना चहा आणायला पिटाळलं.
टेप पाठीमागून फिरवली.
ती कॅलेंडर बघत होती, मी कात्री.
आकडा मीच लिहिला, बारीक अक्षरात.

पंधराव्या वर्षी: खिसा हवा. खोल.
कशाला, ते मी विचारलं नाही.
आईनं विचारलं.
फॅशन आहे, म्हटलं.

परवा आली, एकटीच.
मापं मोबाइलमध्ये, स्वतः घेतलेली.
खांदे सरळ.
सैल नको हं मावशी, अगदी मापात.
तिच्यासमोरच खडूनं आखलं,
तिचे आकडे, तिची रेघ, इकडची तिकडे नाही.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबले.
मग कात्री घेतली
आणि रेघेच्या बाहेरून कापत गेले,
दोन्ही अंगांना,
दीड इंच.