अकरावा वाटा

मटण धुऊन ठेवू नये.
पाणी राहिलं की त्याचे काटे होतात,
आणि काटे आतून चिरतात.
फडक्यानं टिपायचं, एका वेळेपुरतं पिशवीत घालायचं,
तळहातानं चापट करायचं, हवा काढत,
जशी कळण्याची भाकर थापतो.
वर तारीख.
काळीज फार दिवस ठेवायचं नाही, ते आधी बिघडतं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
तीन पिशव्या वाया गेल्या, त्यांनी शिकवलं.

आखाजीच्या करीला आमच्या गल्लीत बोकड पडतो,
पळसाच्या पानांवर अकरा वाटे घालतात.
चोपड्यात आता पळस कमी, थर्माकोल जास्त,
पण वाटे अकराच.
तराजू नाही. नजर.
प्रत्येकात थोडी चरबी, थोडं काळीज, नळीचं एक हाड.

अकरावा हिलालचा.
हिलाल माझा दीर, बर्फाच्या कारखान्यात कामाला.
चुली दोन होत्या, मीटर एकच.
मी फ्रीज घेतला त्या महिन्यात बिल सातशेनं वाढलं.
तो म्हणाला, वहिनी, दिवसभर मी लाद्या ओढतो,
घरी येऊन तुमच्या बर्फाचे पैसे भरू?
एवढंच.
लोटननं, माझ्या नवऱ्यानं, काय उत्तर दिलं
ते मी इथं लिहीत नाही.
मीटर दोन झाले. मग अंगणात पत्रा उभा राहिला.
पलीकडून ताटल्यांचा आवाज येतो, खोकला येतो,
माणूस येत नाही.

तरी दर आखाजीला लोटन दोन वाटे आणतो.
एकावर बोट ठेवतो, हा त्याचा.
पत्र्यापर्यंत जातो. परत येतो.
मी तो टिपते, चापट करते, तारीख घालते,
मागच्या कोपऱ्यात चिकटवून ठेवते.
गेल्या वर्षीचा काढला तर कडा पांढऱ्याफटक.
गारठ्यानंही भाजतं, हे तेव्हा कळलं.
गल्लीतल्या कुत्र्यानं वास घेतला, मान फिरवली.

यंदा करीच्या दुसऱ्या दिवशी, पारा सेहेचाळीस,
ट्रान्सफॉर्मर जळाला.
दाराला पाठ लावून बसले,
उघडू नका रे, उघडलं की गारवा जातो.
दुपार गेली, रात्र गेली.
सकाळी दाराच्या रबरातून
गुलाबी पाण्याची धार फरशीवर,
आणि मुंग्यांना माझ्याआधी खबर.

एकदा सुटलेलं मटण पुन्हा गोठवायचं नाही.
शिजवायचं, आजच संपवायचं.
खोबरं भाजलं, कांदे चुलीत खुपसले,
मसाला पाट्यावर, मिक्सर मेलेला.
टोप रटरटायला लागला तेव्हा लोटन म्हणाला,
एवढं आपल्यानं संपायचं नाही.
हे तो मला नाही, पत्र्याला म्हणाला.

मी डबा भरला. नळी घातली, काळीज सगळं घातलं.
हाक मारली नाही,
पत्र्यावर नुसती बांगडी वाजवली.
वरून एक हात आला. डबा गेला.

तीन वाजता मोनाली आली, रस्त्यानं फिरून, दारानं,
पोतं ओढत. आत भुशात गुंडाळलेली अर्धी लादी.
काकू, पप्पानी धाडेल शे,
म्हने रिकामा डबा कसा देवाना.
अन् डबा कुठंय, मी विचारलं.
डबा ती विसरून आली होती.

लादी घमेल्यात ठेवली. ठेवायला आता काही नव्हतं,
टोपाचा तळ दिसत होता.
लोटननं तिच्यावर तळहात टेकवला
आणि बधिर होईपर्यंत काढला नाही.

वीज तिसऱ्या दिवशी आली.
फ्रीज पुसला, मागचा कोपरा खरवडला.
रिकामा कप्पा जास्त वीज खातो म्हणतात,
म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या.
डबा अजून तिकडेच आहे.
मी मागितलेला नाही.