परवान्याची मागली बाजू

सत्तरी लागली त्याच आठवड्यात कार्ड आलं,
वीजबिलाच्या खाली दडून.
पुढच्या बाजूला मी, डोळे वटारलेला,
शेजाऱ्याची मेंढी नेताना सापडल्यासारखा.
इशबेल म्हणाली, फोटो बरा आलाय.
फोटोंबद्दल ती बेचाळीस वर्षांत
एकदाही खरं बोललेली नाही.

कार्ड उलटं केलं.
मागल्या बाजूला मुंगीएवढ्या गाड्यांची चित्रं असतात,
समोर तारखा: इथपासून इथपर्यंत हे हाक.
मोटारीला तीन वर्षं दिलीत.
छोट्या ट्रकसमोर नुसती रेघ.
मिनीबससमोर रेघ.

त्या रेघेला काय ठाऊक साडेसात टन म्हणजे किती!
साडेसात टनांत माझी अख्खी फिरती लायब्ररी मावायची,
ओल्या कोटांचा वास, तीन हजार पुस्तकं,
आणि फक्त डाव्या पायाला ऊब देणारा हीटर.
स्टोर्नोवेहून ऊइग, ऊइगच्या पुढे
जिथं रस्ता एकाच गाडीपुरता
आणि समोरासमोर आलो तर मागे कुणी सरकायचं
हे दोघांची वयं बघून ठरतं.
एकतीस वर्षं बहुतेक मीच सरकलो.
अलीकडे समोरचे सरकायला लागले,
तेव्हाच कळायला हवं होतं.
ब्रेनिशची किर्स्टी नुसत्या खुनाच्या कादंबऱ्या न्यायची,
पायरीवरच शेवटचं पान वाचायची
आणि खुनी कोण ते मला सांगून टाकायची.

डॉक्टरांचा फॉर्म भरला तर रेघ पुसता येते म्हणतात.
डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली.
मोठी वाचली. मधली अंदाजानं.
खालच्या ओळीत मी माझ्या मनातलं वाचत गेलो.
बाईंनी हळूच पेनला टोपण लावलं.

मग मी चालवू काय शकतो?
चष्मा लावून वीस मीटरवरची नंबरप्लेट दिसते,
मोटारीला तेवढं पुरतं.
साडेतीन टनांच्या आतलं चालेल.
तळाशी दोन बारीक अक्षरं आहेत, एफ आणि के.
एफ म्हणजे ट्रॅक्टर.
के म्हणजे गवत कापायचं यंत्र,
किंवा कुणीतरी पायी चालत हाकावं लागतं असं वाहन.
इशबेलला मोठ्यानं वाचून दाखवलं.
ती म्हणाली, तो परवाना माझ्याकडे लग्नापासून आहे.

फेब्रुवारीत फोन आला. ऊना,
माझ्या जागेवर आलेली पोरगी, सव्वीसची.
वळणावर गाडीचं मागलं चाक चिखलात रुतलेलं,
समुद्राकडून आडवा पाऊस.
टॉर्किल, तुला ट्रॅक्टर चालतो ना? म्हणजे, कायद्यानं?
एफ, मी म्हणालो, आणि कोट शोधायला लागलो.

साखळी लावली. धूर काढला. एकदा घसरलो.
मग चिखलानं एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला
आणि ती निघाली, माझ्या मागे,
बाजाराला न्यायची म्हातारी गाय निघते तशी, नाराज.
आरशात तिचं तोंड दिसलं.
एकतीस वर्षं तिच्या आत बसलो,
समोरून येताना ती कशी दिसते
हे बघायचंच राहिलं होतं.
दिव्यांना थोडा तिरळेपणा आहे. दोघांनाही.

आता शुक्रवार.
पूर्वी मिनीबसमधून सोळा जणांना हॉलमध्ये जेवायला न्यायचो.
आता चालक धरून नऊ, त्यावर एकही नाही.
व्हॅन घेतली आहे, जुनी, पोस्टखात्याच्या लाल रंगाची.
बसवू लागलो:
इशबेल पुढे. कोइनाख, त्याची काठी दाराशी.
मॅकॉलींच्या दोघी बहिणी, त्यांच्यात एक जागा सोडून,
का ते आता त्यांनाही आठवत नाही.
किर्स्टी मागे, तिला शेवट आधी कळलेला असतो,
पण हल्ली सांगत नाही.

पुन्हा मोजलं. कायदा आठ देतो,
माझ्याकडे पाचच आहेत.
उरलेल्या जागांवर पुस्तकं ठेवतो, ऊनाकडून आणलेली,
आणि वळणावर घसरू नयेत म्हणून
त्यांनाही पट्टा लावतो.