चौथी लाथ

लेरिदाच्या शोरूममध्ये नवी उभी आहे,
उंच, पांढरी, इस्त्रीच्या कोटातल्या डॉक्टरसारखी.
विकणारा पोरगा माझ्या धाकट्याच्या वयाचा.
सांगतो, हँडल गरम होतं,
चिखलात मागचं चाक सरकू लागलं
तर तुमच्याआधी गाडीला कळतं,
पडद्यावर दिसते उंची, तापमान, पुढची सर्व्हिसिंग.
मी विचारतो, मागे मधाचे दोन डबे बसतील का?
तो पडद्यात बघतो.
पडद्याला हे आजवर कुणी विचारलेलं नसतं.

आणि इथे वर, पल्यार्समध्ये,
बकऱ्यांच्या रिकाम्या गोठ्यात पोत्यांखाली
फेर्मीची जुनी.
साल एकोणीसशे बहात्तर.
टाकीचा तांबडा रंग त्याच्या मांड्यांनी
दोन्हीकडून घासून रुपेरी केलेला.
गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्यात,
म्हणजे पाय जे जन्मभर शिकले ते विसरायचं.
पेट्रोलात तेल कालवायचं, विसाला एक,
आणि माप चुकलं की भर चढणीवर ही गप्प,
पंगतीतून उठून गेलेल्या व्याह्यासारखी.

टाकीच्या डाव्या अंगाला एक खोक आहे.
एकोणिसाव्या वर्षी अंदोराहून येताना,
पाठीवर तंबाखूची पोती, दिवे बंद,
मी पाडली ती.
फेर्मी घरी म्हणाला, दगड लागला.

महिनाभर दोन डगरींवर हात ठेवून बसलोय.
माझ्या त्रेचाळीस पेट्या भूर्जांच्या रानापलीकडे,
जिथे जीप पोचत नाही
आणि गाढव आता कुणी पाळत नाही.
गुडघा नवीच्या बाजूनं मत देतो.
पाकीट जुनीच्या.
बाकीचं शरीर मतदानालाच आलेलं नाही.

आस्सुम्ता म्हणाली, विकते की.
नवरा गेल्यापासून बंद आहे.
पण आधी चालू करून दाखव,
एकदा आवाज ऐकायचाय.

पहिली लाथ : नुसता सुस्कारा.
दुसरी : काहीतरी खोकलं, बहुधा मीच.
तिसरीला किक उलटी फिरली
आणि नडगीतून सणक थेट टाळूपर्यंत.
मी भिंतीला धरून उभा,
शिव्या ओठांच्या आत मोजत.

कोंबड्यांचा दाणा हातावरून झटकत ती आली.
बाजूला सर, म्हणाली.
कार्ब्युरेटरवरची बारकी पिन दाबून धरली,
बोट ओलं होईपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ.
मग सत्तरीला टेकलेली ही बाई,
पायात लाकडी चपला,
फूटरेस्टवर सबंध उभी राहिली
आणि सगळं वजन एका टाचेत सोडलं.

निळा धूर. कोंबड्या चौफेर.
गोठ्याच्या पत्र्यातून तो आवाज,
कोरडा, घाईचा, जिभेला एरंडेलाची चव आणणारा.
तिनं डोळे मिटले नाहीत, रडली नाही.
मूठ पिळली, सोडली, परत पिळली,
भाजी घेताना काकडी दाबून बघावी तशी.
मग माझ्याकडे बघून काहीतरी ओरडली.
काय? मी विचारलं.
नाही देत!
काय?
नाही देत, म्हटलं!

एप्रिलात नवी घेतली.
चांगली आहे. बटण दाबलं की चालू, दर वेळी.
गुडघा सुखी आहे. डबे बसतात,
पट्टे मी घरीच शिवले.
पडदा सांगतो : सोळाशे चाळीस मीटर.
भूर्जांमधून जाते तेव्हा
आपण आलो हे रानाला कळतच नाही.

शनिवारी सकाळी पेटीचं झाकण उचललं
की खालच्या दरीतून येतं,
एक.
दोन.
बराच वेळ काही नाही. पिन दाबत असेल.
तीन. नाही.
खोकेचं तिला अजून सांगायचं राहिलंय.
मोज्यावर माश्या चढू लागतात,
झाकण हातात धरून मी थांबतो.